सॅम्पल साइज एक

२०२२च्या नोव्हेंबरात आमच्या घरात गोवराच्या लशीवरून भांडण सुरू झालं आणि ते जवळजवळ महिनाभर चाललं. भांडणारे दोघं, दादा आणि वहिनी. जिच्यावरून भांडण ती आठ महिन्यांची होती आणि टीव्हीच्या रिमोटचं कव्हर चावण्यात मग्न होती. घरातला तिसरा मोठा माणूस मी.

चिखलीत, जाधववाडीच्या बाजूला आमचा भाड्याचा टू बीएचके. मूळ गाव बार्शीकडचं. दादा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा झाल्यापासून तेच काम: आलेला माल मोजायचा, पास किंवा रिजेक्ट करायचा, आणि कस्टमरकडून कम्प्लेंट आली की का झालं, का झालं, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. मी हिंजवडीत कोड लिहितो. इंजिनिअर असल्यामुळे आणि इंग्रजी वाचतो म्हणून घरातला हेल्पडेस्क मीच. त्या महिन्यात दोन्ही बाजूंनी तिकिटं येत होती. दादा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवून लिहायचा, "हे खरंय का बघ." वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

दादाचं म्हणणं 'लस नको' असं नव्हतं. हे नीट सांगायला हवं, कारण अशा माणसाला लगेच अडाणी ठरवायची आपल्याला घाई असते. त्याचं म्हणणं होतं, "आत्ता नको. दोन वर्षांची होऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे, मग देऊ."

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं? पुतणी झाली मार्चमध्ये, वहिनींच्या माहेरी, करमाळ्याजवळ. दीड महिन्याची, अडीच महिन्यांची आणि साडेतीन महिन्यांची, अशी तिन्ही इंजेक्शनं तिकडेच झाली. पहिल्या वेळी रात्री ताप चढला. मांडीवर गाठ आली आणि पोर सलग रडत राहिली. दादा नाईट शिफ्टला होता. त्याला दिसला तो लाइनच्या कडेला उभं राहून पाहिलेला चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल. त्यात लाल झालेलं तोंड, रडण्याचा फाटका आवाज, आणि मग रेंज गेली. वहिनींच्या हातात निदान मूल होतं. तापाचं औषध होतं, ओल्या फडक्याची घडी होती, शेजारी आई होती. सकाळपर्यंत ताप उतरला आणि त्यांच्यापुरती ती रात्र संपली. दादाची रात्र संपली नाही. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने त्याला भाच्याची गोष्ट सांगितली, इंजेक्शननंतर फीट आलेली. मग मोबाइलने त्याला ओळखलं. एक व्हिडिओ पूर्ण पाहिला की तसलेच दहा समोर येतात, हे कसं चालतं ते मला धंद्यामुळे माहीत आहे.

त्यात २०२१ची खुन्नस होती. कोविडच्या लशीचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय गेटच्या आत नाही, असं त्याच्या तेव्हाच्या कंपनीत चाललं होतं. दादाने लस घेतली, त्रासही झाला नाही. पण "घेणार का?" असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे तो विसरला नाही.

वहिनींची बाजू सोपी होती. त्यांच्या एका मामाचा डावा डोळा लहानपणी गोवरात गेला. घरातला गोवर म्हणजे काय, हे त्यांनी लग्नकार्याच्या प्रत्येक फोटोत पाहिलेलं. त्या वाद घालत नव्हत्या. कार्डावर नऊ महिने लिहिलंय, नऊ महिने झाले की जायचं, एवढंच.

त्याच दिवसांत बातम्या यायला लागल्या. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईत गोवंडीत मुलं दगावली, मग भिवंडी, मालेगाव. डिसेंबरात आमच्या शेजारीच, कुदळवाडीत गोवराचे रुग्ण सापडले. कुदळवाडी म्हणजे भंगाराची गोदामं. आता ती नाहीत, २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने बुलडोझर फिरवला. पण तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये आणि आसपासच्या खोल्यांत हजारो माणसं राहत होती. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'हा तिकडच्या लोकांचा आजार आहे, आपण काळजी करू नये.' खाली अंगठ्यांची रांग. गोवराचा विषाणू हवेतून जातो. आजारी माणूस खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांच्या जवळ आला तर नऊ जणांना गाठतो. भाजी घ्यायला, रिक्षात बसायला सगळे त्याच रस्त्यावर. आणि तिकडच्या बऱ्याच लेकरांची लस राहिली होती ती कामाच्या मागे गाव बदलत राहिल्यामुळे. कार्ड एका राज्यात, मूल दुसऱ्या. दवाखाना दहा मिनिटांवर असून व्हिडिओ बघत थांबलेलो आम्ही होतो.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. दादाने पाठवलेल्यातला निम्मा माल एकाच जुन्या गोष्टीवर उभा होता: गोवराच्या लशीने ऑटिझम होतो. याचं मूळ १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला अँड्र्यू वेकफिल्डचा लेख, एकूण बारा मुलांवरचा. तो २०१०मध्ये मासिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचा परवाना गेला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षांचा हिशेब काढला, तो २०१९ला छापून आला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. हे दादाने शांतपणे ऐकलं. "बारा नगांवर रिपोर्ट काढला? आमच्याकडे असा माणूस एक दिवस टिकणार नाही," म्हणाला. तो मुद्दा संपला.

मग मी त्याच्या भाषेत गेलो. क्वालिटीवाले पीपीएममध्ये बोलतात, दहा लाख नगांत किती खराब. मी शीट बनवलं. लशीची गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाखांत साधारण एक, म्हणजे एक पीपीएम. तापात येणारी फीट तीन-चार हजार मुलांत एखाद्याला, घाबरवणारी पण बहुतेक वेळा काही मागे न ठेवणारी. आणि प्रत्यक्ष गोवर झाला तर मेंदूला सूज हजारात एकाला, म्हणजे एक हजार पीपीएम. न्यूमोनिया, कान, डोळे वेगळेच. 'दोन वर्षांची होऊ दे'चंही उत्तर होतं. आईकडून पोटातच मिळालेलं संरक्षण नवव्या महिन्याच्या सुमारास बरंचसं ओसरतं. त्याआधी लस दिली तर तेच संरक्षण लशीला नीट काम करू देत नाही, आणि उशीर केला तर मधले महिने मूल उघडं. म्हणून नऊ.

दादाने शीट खालीवर केलं. "हे देशाचे आकडे. माझं सॅम्पल साइज एक आहे," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मला ते वाक्य अजूनही चुकीचं वाटत नाही. आकडेवारी सरकारसाठी असते, कंपनीसाठी असते. आई-बापाकडे एकच नग असतो, आणि तो रिजेक्ट झाला तर दुसऱ्या लॉटमधून बदलून मिळत नाही. वहिनींकडेही एकच होतं. दोघं एकाच मुलीसाठी घाबरले होते, फक्त एकाला सुईची भीती होती आणि दुसरीला गोवराची. ताप चढलेला दादाने ऐकला होता. मामाचा डोळा त्याने एकदाच, लग्नात पाहिला होता, काळ्या चष्म्याआड.

अशा वेळी ठरवायचं कुणी? मी कायदाही शोधला (हेल्पडेस्कला मर्यादा नसतात). १८८०च्या लसीकरण कायद्यात, जिथे तो लागू केला होता तिथे, मुलाला देवीची लस न टोचल्यास पालकांना दंड होता. आज बाळाची लस सक्तीची नाही. २ मे २०२२ला, म्हणजे आमच्या पुतणीच्या दोन डोसांच्या मधल्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या प्रकरणात सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. पालकत्वाचा १९५६चा कायदा आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई म्हणतो. १९९९मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयाने त्या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे सांगितलं. पण एकाच छताखाली, एकाच ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोचं पटत नसेल तर काय, हे कुठेच मिळालं नाही. इंग्लंडमध्ये अशी भांडणं कोर्टात जातात. २०१३ साली वेगळ्या झालेल्या एका जोडप्याचं प्रकरण तिथल्या हायकोर्टात आलं. मुली पंधरा आणि अकरा वर्षांच्या, बापाला लस द्यायची होती, आईला नाही. न्यायाधीशांनी द्या म्हणून सांगितलं. आपल्याकडे तो निकाल स्वयंपाकघरात लागतो. किंवा लागतच नाही. बाई गुपचूप जाऊन टोचून आणते आणि ताप आला की 'दात येत असतील' म्हणते. वहिनींच्या मैत्रिणीने त्यांना हाच सल्ला दिला होता.

वहिनींनी तो घेतला नाही. "चोरून नेणार नाही," मला म्हणाल्या. "उद्या खरंच काही झालं तर चोरीही माझीच आणि दोषही माझाच."

दादाशी माझं खरं बोलणं झालं ते गच्चीवर, एका रविवारी. तो पुन्हा २०२१वर आला. "जबरदस्ती करतात तेव्हाच संशय येतो," म्हणाला. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो, मला चापेकर आठवणं साहजिक होतं. माझी बस रोज चापेकर चौकातून जायची. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, माणसं-बायकांना बाहेर काढून तपासलं, सामान जाळलं. २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. शिकवत नाहीत ते हे, की त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची स्वतः बनवलेली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

"मग?" दादा म्हणाला. "सगळं चांगलंच झालं असेल."

झालं नव्हतं. मी त्याला मुलकोवालचं सांगितलं. पंजाबातलं गाव, १९०२चा ऑक्टोबर. हाफकिनची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने मेली. दादा सरळ बसला. "लॉट किती बाटल्यांचा?" त्याचा पहिला प्रश्न हा. पाच बाटल्या वापरल्या होत्या आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतले. "मग प्रॉडक्ट नाही, हँडलिंग," दादा म्हणाला. लंडनच्या शास्त्रज्ञांना जे पटवून द्यायला वर्षं लागली ते त्याने गच्चीवर दहा सेकंदांत सांगितलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं, असं पुढे आलं. हाफकिनवर मात्र आधीच ठपका बसला होता. तो पुसायला १९०७ उजाडलं.

लशीच्या भीतीने थांबलेल्या माणसाला लशीने मेलेल्या १९ जणांची गोष्ट सांगायची, हे कुठल्याही आरोग्य खात्याच्या पुस्तिकेत बसणार नाही. पण दादा त्या दिवसापासून वेगळं बोलायला लागला. "कधीच काही होत नाही" असं सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. बारा वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाचा बसणारच नाही. काय बिघडू शकतं आणि ते कुठे पकडतात, हे त्याला हवं होतं.

"यवतमाळचं आठवतं?" त्याने विचारलं. आठवत होतं. २०२१ची ३१ जानेवारी, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. "निलंबित केलं म्हणजे कारण सापडलं असं नाही," दादा म्हणाला. "दोन सारख्या बाटल्या एका टेबलावर आल्या कशा, हे कुणी विचारलं का? आणि पोरीला काही झालं तर माझ्याकडे कोण येणार विचारायला?" अमेरिकेत १९८६पासून लशीने इजा झाली तर भरपाई मिळण्याचा कायदा आहे. लशीनंतरच्या त्रासांची नोंद आपल्याकडेही होते, पण बाळांच्या लशींसाठी तसा भरपाईचा कायदा आपल्याकडे नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एका रात्री मोठं भांडण झालं. मी हॉलमध्ये झोपतो, भिंत पातळ आहे. वहिनींचा आवाज चढत नाही, तो खाली जातो. "अहो, ताप आला तर मीच जागणार आहे. गोवर आला तरी मीच. तुम्ही कंपनीत असणार. मग जिनं जागायचं तिचं ऐका." दादा म्हणाला, "म्हणजे मी बाप नाही का?" बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "बाप आहात तर चला ना बरोबर. नाहीतर मी करमाळ्याला जाते, तिथं टोचून आणते. येईन कधी ते सांगत नाही." त्या तसं म्हणतात तेव्हा धमकी देत नसतात, एसटीचं वेळापत्रक बघून झालेलं असतं.

त्या रात्री मला कार्ड आठवलं. माता-बाल संरक्षण कार्ड, वहिनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्डांबरोबर ठेवतात. नावच माता आणि बाल. आशाताई फोन करतात तो वहिनींना. दवाखान्याच्या बाकावर सगळ्या आया, आज्या. बाप आलाच तर गाडीपाशी उभा राहून मोबाइल बघतो. त्याला कुणी हाकलत नाही, पण त्याच्यासाठी आत काही कामच नाही. त्याच्यापर्यंत लस पोहोचते ती रात्रीचं रडणं म्हणून, दवाखान्याचं बिल म्हणून, किंवा फॉरवर्ड म्हणून. आणि तरी घरात 'नको' म्हणायचा अधिकार त्याचाच. आत काय चालतं हे न बघणाऱ्याकडे शेवटचा शब्द, ही सोय कुणाची आहे कोण जाणे.

डिसेंबरात दादाची सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. तो आला. "मला बाटली बघायचीय," एवढ्या अटीवर. मी गाडी चालवली.

लसीकरण एका लहान खोलीत होतं. टेबलावर निळी व्हॅक्सिन कॅरिअर पेटी, सुया तोडायचं यंत्र, रजिस्टर. नंबर आल्यावर दादाने सिस्टरना विचारलं, "मॅडम, देण्याआधी बाटली दाखवाल का?" मला वाटलं आता ओरडा बसणार, बाहेर वीस बायका होत्या. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, पेटीतून इवलीशी बाटली काढली आणि टोपण त्याच्यासमोर धरलं. टोपणावर जांभळट गोल आणि आत फिका चौकोन. "चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना? मग चांगली. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. गोलासारखा झाला की टाकायची."

दादाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "गो-नोगो गेज," तो मला म्हणाला. कारखान्यात भोकात घालून बघतात ते गेज. एका बाजूने गेलं पाहिजे, दुसऱ्या बाजूने जाता कामा नये. मधलं काही नाही, वाचता न येणाऱ्यालाही चालवता येतं.

मग त्याने एक्सपायरी पाहिली. पावडरीत मिसळायचं पाणी त्याच कंपनीचं आहे का, विचारलं. सिस्टरनी ते मिसळलं आणि पेनाने बाटलीवर वेळ लिहिली. "ही वेळ कशाला?" चार तासांत संपली नाही तर फेकायची, म्हणाल्या. या लशीत जंतू मारणारं औषध घातलेलं नसतं, उघडल्यावर बाटलीत काही शिरलं तर वाढू शकतं. दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मुलकोवाल."

कंपनीचं नाव त्याने लेबलवर वाचलं. पुण्याचीच, हडपसरची. "लोकल आहे म्हणून चांगली असं समजू नको," मला म्हणाला, "आपला माल पण लोकलच असतो." पण मुलीला मांडीवर त्यानेच घेतलं. उजव्या दंडावर गोवर-रुबेलाची सुई, न्यूमोनियाच्या लशीचा डोस, आणि चमच्याने 'अ' जीवनसत्त्व. ती जोरात रडली. दादाचे कान लाल झाले. अर्धा तास थांबायला सांगतात, तो पूर्ण अर्धा तास घड्याळ बघत बसला.

बाहेर आल्यावर मला वाटलं वहिनी खूश असतील. त्या गप्प होत्या. रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "भाऊजी, मी तीनदा नेलं हिला. तीनदा पाय धरून बसले. मला कुणी चौकोन दाखवला नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, बाई, लाइन बघ मागं. ह्यांनी एकदा विचारलं तर सिस्टरनी बसायला खुर्ची दिली." मी काही बोललो नाही. खुर्ची खरंच दिली होती.

ताप दोन दिवसांनी थोडा आला आणि गेला. दादाला पटलं का? विचारलं तर अजूनही म्हणतो, "पटलं नाही, पास केलं."

दुसरा डोस सोळा महिन्यांनंतर असतो, तो २०२३च्या पावसाळ्यात आला. दादाची फर्स्ट शिफ्ट, सुट्टी मिळाली नाही. वहिनी मुलीला घेऊन एकट्या रिक्षाने गेल्या. फॅमिली ग्रुपवर अकराच्या सुमाराला एक फोटो पडला. वहिनींचा तळहात, त्यावर बाटलीचं टोपण, जांभळा गोल, आत फिका चौकोन. मजकूर काही नाही. दोन मिनिटांनी चाकणहून दादाचं उत्तर आलं: "उघडल्याची वेळ लिहून घेतली का?"

वहिनींनी लिहिलं, "मीच सांगितली लिहायला. १०.४०."